निवडुंगाचं कलम: आधी खुंट बघा

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या पट्ट्यात नर्सऱ्यांची रांग सुरू होते. तिथे हमखास एक ट्रे दिसतो. हिरव्या, तीन धारांच्या दांड्यावर लालभडक नाहीतर पिवळाधमक गोळा. बघणारा पहिल्यांदा विचारतो, "हे फूल आहे का?"

फूल नाही, कलम आहे. एका निवडुंगाच्या डोक्यावर दुसरा निवडुंग बसवलाय. वरचा गोळा म्हणजे जिम्नोकॅलिशियम मिहानोविची या दक्षिण अमेरिकेतल्या निवडुंगाचा रंग बदललेला प्रकार. असं लाल रोप १९४१ साली जपानमध्ये बियांपासून केलेल्या रोपांत सापडलं. त्याच्यात हरितद्रव्यच नाही, त्यामुळे स्वतःच्या मुळांवर लावलं तर ते उपाशी मरतं. म्हणून त्याला हिरव्या खांबावर बसवतात. खांब अन्न करतो, गोळा खातो. आयुष्यभराचा घरजावई.

हा घरजावई आपल्याकडे साधारण दीड-दोन वर्षांत जातो आणि लोक म्हणतात, "नाजूक जात आहे." मरताना तो बघितलात तर दिसेल की गोळा शेवटपर्यंत बरा असतो. आधी खालचा दांडा बुडाशी मऊ पडतो, पिवळा होतो, मग सगळं आडवं. म्हणजे मेला तो खुंट.

खुंट हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ज्याच्यावर कलम करायचं ते मुळांसकटचं झाड म्हणजे खुंट, आणि त्यावर जे बसवायचं ती काडी. आंबेवाले, द्राक्षवाले हेच शब्द वापरतात. निवडुंगात काडी नसते, गोळा नाहीतर बोंड असतं, पण शब्द चालून जातो. माझे मामा तासगावकडचे द्राक्षवाले. मी पहिल्यांदा निवडुंगाची कलमं केली आणि बारापैकी नऊ गळून पडली, तेव्हा मामांना फोटो दाखवायला गेलो. मी आपला ब्लेड कसलं, रबर कसं लावलं, हे सांगत होतो. मामा म्हणाले, "आरं, काडी कसली दाखवतुयास, खुंट दाव आधी."

मी एक कुंडी उपटून दाखवली. वरून हिरवागार, टणक दांडा. खाली मुळांच्या जागी चहाचा चोथा.

द्राक्षाच्या बागेत कसं करतात ते आठवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये डॉगरिजसारख्या खुंटाची रोपं लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत त्यांना नुसतं वाढू देतात. तेवढे महिने कलमाचं नाव नाही. मुळं पसरतात, काडी पेन्सिलीएवढी जाड होते, तेव्हा कुठे पाचर कलम भरायला माणसं बोलावतात. निवडुंगाच्या बाबतीत मात्र आपण फांदी मोडून कुंडीत खोचतो आणि महिन्याभरात ब्लेड घेऊन बसतो. यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओही ब्लेडपासूनच सुरू होतात. त्याच्या आधीचे सहा महिने कुणी दाखवत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही घडत नाही.

निवडुंग उशिरा बातमी देतो

गुलाबाची मुळं सडली तर दोन दिवसांत पानं माना टाकतात. निवडुंगाचं तसं नाही. त्याचा दांडा म्हणजे पाण्याची टाकी. ड्रॅगन फ्रूटची, म्हणजे आपल्याकडे खुंटासाठी सहज मिळणाऱ्या निवडुंगाची, कापलेली फांदी सावलीत नुसती टाकून ठेवली तरी कित्येक आठवडे हिरवी राहते. मग तीच फांदी कुंडीत मुळांशिवाय उभी असेल तर तुम्हाला कळणार कसं? ती टाकीतलं पाणी पीत उभी आहे. वरून जे दिसतं ती दोन महिन्यांपूर्वीची तब्येत.

आता अशा खुंटावर कलम केलं की काय होतं बघा. कलम जुळायला दोन्ही बाजूंच्या नळ्यांचं कडं एकमेकांना चिकटावं लागतं. निवडुंग आडवा कापला की मध्यभागी फिकट रंगाचं एक वर्तुळ दिसतं, ते हे कडं. पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्या त्यात असतात, आणि त्याच पट्ट्यात नवीन पेशी तयार करणारा थरही असतो. खालच्या कड्याला वरचं कडं कुठेतरी छेदलं पाहिजे, एक-दोन ठिकाणी तरी. मग दोन्हीकडच्या नवीन पेशी वाढून एकमेकींत गुंततात. हे काम पेशी फुगलेल्या असतील, मुळं खालून पाणी ढकलत असतील, तरच होतं. मुळं नसलेल्या खुंटाचा कापलेला भाग काही तासांत आत खोल जातो, वाटीसारखा होतो. वरचा गोळा वाटीच्या काठावर टेकतो आणि मध्ये हवा राहते. तुम्ही रबर कितीही ताणून लावा.

चांगल्या खुंटाचाही कापलेला भाग थोडा बसतोच. साल आक्रसत नाही, आतला गर आक्रसतो. म्हणून कापल्यावर कडेच्या धारा तिरप्या उतरवतात, पेन्सिलीला टोक काढताना कडा घेतात तशा. ती ब्लेडची गोष्ट झाली, ती कुणीही शिकवेल. मी कुंडीकडे वळतो.

कुठला निवडुंग? आणि तो निवडुंगच आहे ना?

मराठीत निवडुंग हा शब्द फार ऐसपैस आहे. बांधावरचा फड्या निवडुंग खरा कॅक्टस, अमेरिकेतून आलेला. पण कुंपणाचा वई निवडुंग, डोंगरउतारावरचा तीनधारी निवडुंग, शेर ही सगळी युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातली. दिसायला काटेरी आणि जाड, नात्याने कोसो दूर. त्यांच्यावर कॅक्टसचं कलम लागत नाही. तीनधारी निवडुंग आणि ड्रॅगन फ्रूटची फांदी शेजारी ठेवली तर नवखा माणूस चकतो, दोन्हीला तीनच धारा. ओळखायचं सोपं आहे: टोचून बघा. पांढरा चीक आला तर युफोर्बिया. तो चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो, म्हणून हे करताना तोंड लांब ठेवा. कॅक्टसचे काटे एका छोट्या, लवदार गादीतून निघतात. हात न लावता तेवढ्यावरूनही कळतं.

खुंटासाठी आपल्याकडे सहज मिळणारं आणि स्वस्त म्हणजे ड्रॅगन फ्रूट. त्याचं शास्त्रीय नाव बरीच वर्षं हायलोसेरियस होतं, आता सेलेनिसेरियसमध्ये धरतात. गुजरात सरकारने २०२१ मध्ये फळाचं नाव कमलम ठेवलं, आपल्याकडे बाजारात अजून ड्रॅगनच म्हणतात. सांगली-सोलापूरच्या कोरडवाहू भागात आता याच्या बागा आहेत. सांगली जिल्ह्यातल्या तडसरची फळं २०२१ मध्ये दुबईला गेली, आणि बारामतीजवळ माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत या पिकावर संशोधन चालतं. आपल्याला यातलं कामाचं एवढंच की फळांचा हंगाम संपला की बागवाले छाटणी करतात आणि बांधाला फांद्यांचा ढीग पडतो. ओळख काढा, पोतंभर मिळतील. नर्सरीत त्याच एका फांदीचे पैसे मोजावे लागतात.

ड्रॅगनचा खुंट पटकन मूळ धरतो, कलम पटकन स्वीकारतो, आणि काही वर्षांत दमतो. वरचा गोळा जाड होत जातो, खालचा दांडा तेवढाच राहतो. शेवटी ते छत्री उलटल्यासारखं दिसायला लागतं. तोवर गोळ्याला पिल्लं आली तर ती नव्या खुंटावर न्यायची.

जास्त टिकाऊ हवं असेल तर मेक्सिकोतला मायर्टिलोकॅक्टस. निळसर, पाच-सहा धारांचा, देखणा खांब. तो सावकाश तयार होतो, पण त्याचं कडं मोठं असतं, दांडा वजन पेलतो. पुण्या-साताऱ्याच्या हवेत छान वाढतो, कडाक्याच्या थंडीत मात्र त्याच्या अंगावर डाग पडतात. आणि तिसरा परेस्किऑप्सिस, ज्याला पानं असतात. पाहुण्यांना हा कॅक्टस आहे हे पटत नाही. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण त्याचं सगळंच उलटं आहे.

भांडी घासायचा स्पंज

कुंडीत खापऱ्या, खडी घालून मग माती भरायची, म्हणजे पाणी चांगलं निचरतं. आईने मला हेच शिकवलं, तिला तिच्या आईने. मीही पंधरा वर्षं केलं. हे चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे ते सिंकपाशी दोन मिनिटांत दिसतं.

आयताकृती स्पंज घ्या. नळाखाली पूर्ण भिजवा. तळहातावर आडवा, पसरट धरा. थोडं पाणी टपकेल आणि थांबेल. थांबलं? आता न पिळता तो लांब कडेवर उभा करा. पुन्हा पाणी पडायला लागेल, थांबेल. आता छोट्या कडेवर, अगदी ताठ उभा करा. अजून पाणी पडेल. स्पंज तोच, छिद्रं तीच, तुम्ही फक्त उंची वाढवलीत.

मातीतही असंच होतं. बारीक फटींत पाणी केशाकर्षणाने धरलेलं असतं. वरच्या पाण्याचं वजन त्या पकडीपेक्षा जास्त झालं की ते खाली सुटतं, पण तळाशी काही सेंटिमीटरचा एक थर असा राहतो की वजन पुरेसं नसतं आणि पाणी सुटत नाही. भोक उघडं असूनही. हा कायम ओला राहणारा थर किती जाड, हे मातीचे कण किती बारीक यावर ठरतं, कुंडी किती मोठी यावर नाही. समजा तुमच्या मिश्रणात तो चार सेंटिमीटर आहे. मग सहा सेंटिमीटर खोलीच्या शोभिवंत बोलमध्ये मुळांना कोरडी जागा दोनच सेंटिमीटर. सोळा सेंटिमीटरच्या कुंडीत बारा.

आता खापऱ्यांचं काय होतं? बारीक मातीतलं पाणी मोठ्या फटींत सहज उतरत नाही, मातीची पकड त्याला धरून ठेवते. म्हणून ओला थर खापऱ्यांच्या वर बसतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. तीन बोटं खडी घातलीत म्हणजे तुम्ही कुंडी तीन बोटं उथळ केलीत. माती गळू नये म्हणून भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवायला हरकत नाही. एकच.

आई अजून खापऱ्या घालते. तिची तुळस माझ्या तुळशीपेक्षा चांगली आहे, त्यामुळे मी वाद घालत नाही.

तर ओला थर पातळ करायचा म्हणजे कण मोठे करायचे, आणि खरा शत्रू म्हणजे धूळ. बांधकामाची क्रश सँड आणली तर तिच्यात निम्मी डस्ट असते. ती मोठ्या कणांच्या मधल्या फटी बुजवते आणि तुम्ही एवढं खटाटोप करून पुन्हा काँक्रीटच करता. मी दोन चाळण्या ठेवल्या आहेत: एक गव्हाची, एक वाळूची जाळी. गव्हाच्या चाळणीतून जे खाली पडतं ते बागेत टाकतो, वाळूच्या जाळीवर जे राहतं तेही बाजूला. मधलं, साधारण ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतचं, तेवढंच कुंडीत. तेही एकदा धुऊन.

काळी माती नको. शेतात ती सोनं असेल, कुंडीत भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि भेगाळताना कोवळी मुळं तोडते. मी माझी ती पहिली बारा रोपं काळी माती आणि शेणखतात, जुलै महिन्यात लावली होती. मामांना पुढचं काही विचारावंच लागलं नाही.

ड्रॅगनसाठी माझं मिश्रण असं: दोन घमेली जाड माल, एक घमेलं कुजलेलं. जाड मालात भट्टीतल्या कोळशाचं सिंडर, म्हणजे जळून उरलेले खडे, मिळाले तर उत्तम, नाहीतर भाजक्या विटेचे तुकडे आणि जाडी वाळू. वीट नीट भाजलेली हवी, कच्च्या विटेचा दोन पावसांत चिखल होतो. कुजलेल्यात जुना पालापाचोळा किंवा गांडूळखत, थोडं कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोन-तीन पाण्यांनी धुवून घ्या. नारळाची सोडणं अनेकदा खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतात आणि ते मीठ तसंच कोकोपीटच्या दाबलेल्या विटेतून तुमच्या घरी येतं. नुसतं कोकोपीट तर अजिबात नको. नर्सरीतला तो लाल गोळा बहुतेक वेळा असल्याच कशात तरी असतो. पावसाळ्यात ते आठवडाभर गच्च राहतं, आणि मे महिन्यात एकदा का पूर्ण वाळलं की पाणी वरून ओघळून जातं, आत शिरत नाही.

काही जण विचारतील, कॅक्टसला खत कशाला? हा वाळवंटातला नाही म्हणून. ड्रॅगन मूळचा मध्य अमेरिकेकडच्या उष्ण जंगलातला, झाडांच्या खोडांवर चढणारा वेल आहे. फांद्यांच्या बेचक्यात साठलेला पाला हीच त्याची माती. मायर्टिलोकॅक्टसला मात्र कुजलेलं निम्मं करा.

कुंडी

चार इंची, फार तर पाच इंची, रुंदीपेक्षा खोल. मोठ्या कुंडीत रोप लवकर वाढेल हा समज ड्रॅगनला लागू नाही. छोट्या मुळांना जेवढं पिता येतं त्यापेक्षा जास्त पाणी भोवती साठून राहिलं की ते आंबतं.

मातीची कुंडी की प्लास्टिकची, यावर माझं मत दरवर्षी बदलतं. मातीची कुंडी माठासारखी वागते: अंगातून पाणी झिरपतं, उडतं, आतली मुळं थंड राहतात. एप्रिल-मेमध्ये हे वरदान. पण बोअरच्या जड पाण्याने तिच्यावर क्षारांची पांढरी पुटं चढतात आणि पाणी दुपटीने घालावं लागतं. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीवर दुपारचं ऊन पडलं की उन्हाकडच्या बाजूची मुळं अक्षरशः उकडतात. रोप उपटून बघितलं की एका बाजूला पांढरी मुळं आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. यावर माझा उपाय कुंडीत कुंडी: प्लास्टिकची छोटी कुंडी मातीच्या मोठ्या रिकाम्या कुंडीत ठेवायची, मध्ये हवा. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या तरी अर्धं काम होतं, कडेच्या रांगेने ऊन खावं आणि आतल्यांनी बचावावं.

फांदी लावताना

गेल्या वर्षीची फांदी घ्या, गडद हिरवी, टणक, वीतभर. अगदी कोवळी, पोपटी सडते. जुनी, करड्या सालीची लवकर मुळं धरेल, पण तिच्या आतला गाभा लाकूड झालेला असतो. कापताना हाताला कळतं. सुरी काकडीतून जावी तशी गेली पाहिजे. मध्येच जून मुळा कापल्यासारखं करकरलं तर ती फांदी कलमाच्या कामाची नाही, फळासाठी लावा.

कापल्या कापल्या वरच्या टोकाला मार्करने बाण काढा. दोन दिवसांनी कुठली बाजू वर होती हे आठवत नाही, विश्वास ठेवा. खालच्या टोकाला तिन्ही धारांचा गर दोन सेंटिमीटर तासून टाका म्हणजे मधला पांढरा गाभा पेन्सिलीच्या शिशासारखा पुढे येतो. मुळं गाभ्याच्या भोवतीच्या पट्ट्यातून निघतात, त्यांना गरातून वाट काढायला लागू नये. जखमेवर मी हळद लावतो, काही जण बुरशीनाशकाची पूड लावतात. फक्त खालच्या टोकाला. कलमाच्या कापावर हळद लावणारे लोक मी पाहिलेत. दोन पेशींनी जिथे चिकटायचं तिथे पूड कशाला?

मग पाच-सात दिवस सावलीत, हवेशीर, जमिनीपासून वर. जखमेवर कोरडा पापुद्रा धरला की तीन-चार सेंटिमीटर खोल लावायची, काठीला सैल बांधायची, कारण हलली की नवी मुळं तुटतात. खोल लावू नका. खाली तो ओला थर आहे, विसरलात?

पहिलं पाणी दोन-तीन दिवसांनी, तेही हलकं. ऊबदार हवेत दोन ते चार आठवड्यांत मुळं येतात. पुण्याच्या डिसेंबरात तीच फांदी दोन महिने नुसती बसून राहते. म्हणून छाटणीच्या फांद्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मिळाल्या तरी मी त्या कोरड्या कोपऱ्यात उभ्या ठेवतो आणि फेब्रुवारीत लावतो. कोकणात हा प्रश्न नाही, तिथे थंडीच नाही. तिथला प्रश्न जून ते सप्टेंबर.

मधले महिने

पाणी किती दिवसांनी, याचं उत्तर कुणी आकड्यात देत असेल तर त्याने तुमची गच्ची पाहिलेली नाही. जळून संपलेल्या अगरबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून ठेवा, दहा मिनिटांनी काढा. काळपट, माती चिकटलेली निघाली तर थांबा. कोरडी निघाली तर भोकातून वाहेपर्यंत पाणी द्या. घोट घोट पाणी रोज देणं सगळ्यात वाईट, त्याने वरचा थर ओला आणि मधली मुळं तहानलेली राहतात, शिवाय क्षार धुऊन जात नाहीत. हाताला सवय झाली की काडीही लागत नाही, कुंडी उचलूनच कळतं.

आणि हे उचलणंच मुळांची खरी तपासणी आहे. पाणी दिल्यावर कुंडी किती दिवसांत हलकी होते ते बघत जा. मार्चमध्ये आठ दिवस लागत होते आणि एप्रिलमध्ये चारच, तर त्यात ऊन आहे तसं मुळांचं पिणंही आहे. शेजारच्या सगळ्या कुंड्या हलक्या झाल्या आणि एकच जड राहिली, तर ती वरून कितीही हिरवी असो, बाहेर काढून बघा. मला हे आधी कळलं असतं तर बारातली नऊ गेली नसती.

दुसरी खूण फुटवा. गादीतून लालसर-हिरवा कोंब आला की खाली काम सुरू झालं. एक फुटवा वाढू द्या, बाकीचे चिमटीने मोडा.

खताबद्दल थोडक्यात. एकोणीस-एकोणीस-एकोणीस, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत, लिटरला एक ग्रॅम, वाढीच्या दिवसांत तीन आठवड्यांनी एकदा. कॅक्टसवाले खत देताना फार हात आखडतात. शोभेच्या कॅक्टसला ते ठीक, खुंटाला नाही. पण युरियाच्या मागे लागू नका, दांडा फोफावतो आणि टरबुजासारखा चिरतो.

ऊन: ड्रॅगनला मार्च ते मे पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी हवी. नाहीतर दक्षिण-पश्चिमेकडची बाजू पिवळी, मग पांढरी पडते आणि तो डाग जात नाही.

पिठ्या ढेकूण वर दिसला तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येतो. मुळांवरचा दिसत नाही. रोप कारण नसताना थांबलं, कुंडीवर मुंग्यांची ये-जा वाढली, तर कुंडीतून काढा. मुळांवर, कुंडीच्या आतल्या अंगाला कापसासारखे पांढरे ठिपके असतील तर सगळी माती टाका, मुळं धुवा, शेंडे कापा, नव्या मिश्रणात लावा. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरण्याची काटकसर करू नका.

पावसाळ्यात मात्र एकच नियम: छप्पर. गच्चीवर पत्र्याखाली, गॅलरीत, कुठेही, पण सरळ पावसात नाही. कलम तर त्या चार महिन्यांत नकोच. दमट हवेत ओल्या जखमेवर बुरशी आधी पोचते. फेब्रुवारीत लावलेला खुंट पावसाळा छपराखाली काढतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात, हवा कोरडी झाली की तयार असतो. तासगावच्या हिशेबापेक्षा महिनाभर मागे.

पानंवाला अपवाद

परेस्किऑप्सिसला हे सगळं कमी-जास्त उलटं करा. त्याला पाणी आवडतं, दमटपणा आवडतो, कुजलेलं निम्म्याहून जास्त चालतं, कुंडीखाली बशीत बोटभर पाणी असलं तरी कुरकुर नाही. वितीएवढी काडी आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं धरते. मुंबईच्या आणि कोकणातल्या मंडळींनी यापासूनच सुरुवात करावी. जिथे बाकीचे खुंट सडतात तिथे हा माजतो. पाणी तुटलं की मात्र पानं गाळतो आणि पानं गाळलेल्या काडीवर कलम लागत नाही.

त्याचा उपयोग बियांपासून उगवलेल्या इवल्याशा रोपांसाठी. अ‍ॅस्ट्रोफायटम या शोभेच्या निवडुंगाचं दोन-तीन आठवड्यांचं रोप, मोहरीच्या दाण्याएवढं, त्याच्या कोवळ्या शेंड्यावर बसवायचं. रबर नको, स्वतःच्याच चिकटपणाने बसतं. वरून पिशवी घालून चार-पाच दिवस सावलीत. स्वतःच्या मुळांवर जे रोप वर्षभरात वाटाण्याएवढं होतं, ते इथे काही महिन्यांत लिंबाएवढं होतं. एकच त्रास, कुसळं. पानांच्या बगलेत केसांसारखी बारीक कुसळं असतात, डोळ्याला दिसत नाहीत, दोन दिवस बोटांना जाणवतात. चिकटपट्टी लावून ओढली तर बरीचशी निघतात. फड्या निवडुंगाची बोंडं ज्यांनी लहानपणी खाल्लीत त्यांना सांगायला नको.

कापायच्या आधी

दोन-तीन दिवस आधी भरपूर पाणी. त्या दिवशी सकाळी दांडा हलकेच ओढून बघा, कुंडी वर उचलली गेली पाहिजे, दांडा सुटून हातात येता कामा नये. भोकात डोकावून पांढरी टोकं दिसतायत का बघा. ब्लेड स्पिरिटने पुसा आणि मुळाशी नाही, वरून दहा-बारा सेंटिमीटरवर कापा. कापावर पाण्याचे बारीक मोती लगेच जमायला लागले तर खुंट तयार आहे. कडं स्वच्छ पांढरं-हिरवट हवं. नारिंगी किंवा तपकिरी ठिपका दिसला तर सड आत चढली आहे, आणखी खाली कापून बघा, आणि बुडापर्यंत तसंच असेल तर आज चहा घ्या.

सगळं ठीक असेल तर गोळा बसवा, रबर लावा, सावलीत ठेवा. कुंडीत पाणी चालेल, कापावर थेंब नको. आठ-दहा दिवसांनी रबर काढायचं.

वरचा कापलेला तुकडा मात्र फेकू नका. त्याच्यावर आधी बाण काढा.